कडत्याचा किलो कोणाचा?

रताळ्याची एक पट्टी समोर ठेवून बोलू. पट्टी म्हणजे माल विकल्यावर अडत्या कास्तकाराच्या हाती देतो तो हिशेबाचा कागद. इथले आकडे समजुतीसाठी धरले आहेत, रकाने मात्र रोजच्या बाजारातले आहेत. मौदा तालुक्यातल्या एका कास्तकाराने वीस कट्टे रताळी नागपूरच्या बाजारात पाठवली. काट्यावर वजन भरले हजार किलो. कट्ट्यामागे दोन किलो कडता, म्हणजे वजनातली सूट, कापली, राहिले 960 किलो. भाव निघाला 12 रुपये, रक्कम झाली 11,520. त्यातून हमाली 160, तोलाई 60, बारदाना 300, गाडीभाडे 800 आणि सहा टक्क्यांप्रमाणे अडत 691 रुपये वजा झाले. हाती आले 9,509. रताळी खोदायला आठ बाया लावल्या होत्या, त्यांची तीनशेप्रमाणे मजुरी 2,400. उरले 7,109. नांगरट, वेलांचे बेणे, खत, पाणी, राखण आणि चार महिने गुंतलेली जमीन, या सगळ्याचा मोबदला एवढ्यातूनच काढायचा. तीच रताळी दुसऱ्या दिवशी शहरातल्या गल्लीत चाळीस रुपये किलोने विकली जातात.

ही तफावत दिसली की आपण लगेच दलालाला शिव्या देतो आणि विषय संपवतो. मला तसे करायचे नाही. भाडे खरे आहे, हमालाच्या पाठीवरचे ओझे खरे आहे. अडत्या रात्री दोनपासून गाळ्यावर उभा असतो, किरकोळ विक्रेत्यांना उधारीवर माल देतो, त्यातली काही उधारी बुडते. गल्लीतल्या विक्रेत्याची रोजची काही रताळी सडतात, काही सुकून वजनात घटतात. या कामांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. माझा आक्षेप पट्टीतल्या दोनच रकान्यांवर आहे: कडता आणि अडत. या हिशेबात कडत्याचे 40 किलो म्हणजे 480 रुपये गेले, अडतीचे 691. मिळून 1,171 रुपये. ही रक्कम कोणत्याही कामाचा मोबदला म्हणून शेतकऱ्याकडून घेता येत नाही. तरी ती घेतली जाते, आणि घेणारा, देणारा, पाहणारा असे तिघेही तिला ‘बाजाराची रीत’ म्हणतात.

आधी अडतीचे पाहू, कारण ते थोडक्यात सांगता येते. जुलै 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची बाजार आवाराबाहेरची विक्री बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळी केली आणि फळे, भाज्या, कांदा, बटाटा यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. राज्यातल्या अनेक बाजारपेठा त्या वेळी व्यापाऱ्यांनी काही दिवस बंद ठेवल्या होत्या. म्हणजे निर्णय कोणाला माहीत नव्हता असे नाही. तरीही एखाद्या पट्टीवर ही कपात आजही कधी ‘खर्च’, कधी ‘इतर’ अशा नावाने दिसली, तर ती पट्टी घेऊन थेट बाजार समितीच्या सचिवांकडे जाण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. हा हक्क वापरला जात नाही, त्याचे कारण पुढे सांगतो.

कडत्याचे समर्थन मात्र मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. जमिनीतून निघणाऱ्या मालाला माती असते, रताळे सुकते, आल्याच्या गड्ड्यात चिखल राहतो, कांद्याची टरफले गळतात, म्हणून कट्ट्यामागे किलो-दोन किलो सोडायचे, असे सांगितले जाते. वरवर हे पटते. पण पहाटे बाजारात उभे राहून एकदा नीट पाहावे. धुऊन आणलेल्या गाजराला कडता लागतो. पाती कापून आणलेल्या मुळ्याला लागतो. माती झाडून, हाताने पुसून भरलेल्या रताळ्यालाही तेवढाच लागतो. मातीसाठीच कपात असती, तर स्वच्छ मालाला ती नसती. शिवाय माल कमअस्सल असेल तर त्याची किंमत हर्रासात पडतेच. घेणारा कट्ट्यात हात घालून, दोन रताळी मोडून पाहून मगच बोली बोलतो. एकाच दोषाची किंमत एकदा भावात आणि पुन्हा वजनात वसूल करायची, याला मी चोरीच म्हणतो. परंपरेने चालत आली म्हणून चोरीचा हक्क होत नाही.

आपल्याच विदर्भात या चोरीविरुद्धचा कायदा सव्वाशे वर्षांपूर्वी झाला होता. वऱ्हाडात कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-मौद्याच्या या भागात, कापूस बाजाराचा कायदा 1932 मध्ये आणि शेतमाल बाजाराचा कायदा 1935 मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राचा 1963 चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला. या साऱ्या कायद्यांचा गाभा एकच होता: माल उघड्यावर विकला जावा, वजन खरे असावे, मनमानी कपाती बंद व्हाव्यात, पैसे वेळेवर मिळावेत. पण या कायद्यांची सुरुवात मुख्यतः कापसापासून झाली, कारण इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस हवा होता. मुळा-गाजरवाल्यासाठी कोणत्याही गिरणीने सरकारकडे शब्द टाकला नाही. ज्या मालामागे मोठे गिऱ्हाईक उभे राहिले त्याला आधी संरक्षण मिळाले. वाडीत पिकणारा, टोपलीत भरणारा, बाईने डोक्यावर वाहून आणलेला माल मागेच राहिला.

‘हा नाशवंत माल आहे, याचे असेच चालायचे,’ हे वाक्य मौद्याच्या आठवडी बाजारापासून नागपूरच्या कळमन्यातल्या आलू-कांदा बाजारापर्यंत सगळीकडे ऐकू येते. हे वाक्य खोटे आहे, आणि ते खोटे पाडायला आपल्या गावातलेच उदाहरण पुरे. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी 2024 मध्ये काढलेला हिशेब असा आहे: ग्राहक बटाट्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात 36, टोमॅटोत 33. दुधात मात्र सुमारे 70 पैसे मिळतात. आता दूध आणि बटाटा यांत आधी काय नासते? उन्हाळ्यात दूध चार तास टिकत नाही, बटाटा महिनाभर टिकतो. नाशवंतपणामुळे शेतकऱ्याचा वाटा घटत असता, तर दूधवाला सर्वांत जास्त नागवला गेला असता.

दुधाचा वाटा मोठा आहे याचे कारण ते कसे मोजले जाते यात आहे. गावातल्या संकलन केंद्रावर बाई कॅन घेऊन जाते. तिच्यासमोर दूध मोजतात, तिच्यासमोर फॅट लागते, यंत्रातून चिठ्ठी निघते, त्या चिठ्ठीवर लिटर, फॅट, दर आणि रक्कम असते. पैसे ठरल्या दिवशी खात्यात जमा होतात. दूध पातळ असेल तर दर कमी लागतो, पण दोन लिटर ‘कडता’ म्हणून कोणी ओतून घेत नाही. विदर्भात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गेल्या दहा वर्षांत गावोगावी हे काम पसरवले, म्हणजे गुजरातेतल्या आणंदहून आलेली ही व्यवस्था आता आपल्याही अंगवळणी पडली आहे. सकाळी सहाला केंद्रावर चिठ्ठी तपासून घेणारी तीच बाई रात्री रताळ्याचे कट्टे गाडीत चढवते आणि दुसऱ्या दिवशी जो कागद येईल तो मुकाट्याने ठेवून घेते. माणूस तोच, गाव तेच. एका मालात तो हिशेब मागतो, दुसऱ्यात मागत नाही.

का मागत नाही? इथे उचलीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. बेण्याच्या वेळी, आजारपणात, पोरीच्या लग्नात, शाळा उघडताना कास्तकार अडत्याकडून पैसे उचलतो. अडत्या व्याज लावत नाही, निदान तोंडाने लावत नाही. अट एकच असते, माल माझ्याच गाळ्यावर आला पाहिजे. मग ते व्याज भावातून फिटते, कडत्यातून फिटते, अडतीतून फिटते. ज्याच्या डोक्यावर उचल आहे तो शेजारच्या गाळ्यावर रुपयाने जास्त भाव असला तरी तिकडे जाऊ शकत नाही. काटा चुकतोय हे दिसत असूनही तो बोलत नाही. सचिवांकडे पट्टी घेऊन जाणे तर दूरच. उचलीला लोक मदत म्हणतात. अडचणीच्या रात्री ती मदतच असते, हे मी नाकारत नाही. पण जी मदत घेतल्यावर माणसाला बोलता येत नाही, तिची किंमत फार मोठी आहे.

दुसरीकडे बँकेचे स्वस्त कर्ज आहे. किसान क्रेडिट कार्डावर वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत चार टक्के दर पडतो आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे महाराष्ट्रात तेही व्याज माफ होते. शून्य टक्क्याचे कर्ज असताना माणूस उचलीकडे का वळतो? कारण वाडी बहुधा बटईने किंवा ठेक्याने केलेली असते. सातबारा मालकाच्या नावावर असतो, घाम दुसऱ्याचा असतो. वाडी स्वतःची असली तरी सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि निंदण, खोदाई, धुणे, प्रतवारी, विक्री हे सगळे बाईच्या हातचे. बँक कागद पाहते, अडत्या माणूस ओळखतो. म्हणून बटईदाराला आणि बाईला अडत्या जवळचा वाटतो. ही आपल्या व्यवस्थेची नामुष्की आहे. गावातल्या पुढाऱ्यांना, बँकेच्या संचालकांना आणि जमीनमालकांनाही तिचा जाब विचारला पाहिजे. आपल्या बटईदाराला साध्या कराराचा कागद करून द्यायला जो मालक घाबरतो, तो उचलीच्या जाळ्याची एक दोरी स्वतः धरून असतो.

मालाच्या बाजूनेही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. कट्ट्याच्या तोंडाशी मोठी, गुळगुळीत रताळी आणि तळाशी बोटभर मुळे, हा प्रकार आपल्याकडे होतो. वजन वाढावे म्हणून पाणी मारले जाते. सोंड्या भुंग्याने पोखरलेली रताळी मधल्या थरात जातात. ज्या दिवशी शेतकरी हे करतो त्या दिवशी तो कडता घेणाऱ्याला स्वतःच्या हाताने परवाना लिहून देतो, आणि त्याची शिक्षा शेजारच्या प्रामाणिक कास्तकारालाही भोगावी लागते. शिवाय त्यात नुकसानही त्याचेच आहे. भिजवलेले रताळे लवकर सडते. खोदताना साल खरचटलेली रताळी धुऊन लगेच भरण्याऐवजी सावलीत, दमट उबेत चार-सहा दिवस ठेवली तर जखमा बुजतात आणि माल पुढे कित्येक आठवडे टिकतो. आलूच्या शीतगृहात मात्र ती ठेवू नयेत; आलूला दोन-चार अंश थंडी मानवते, रताळे दहा-बारा अंशांखाली बिघडते. एवढी माहिती आणि एक साधी हवेशीर खोली गावात असेल, तर महाशिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांनी एकदम माल बाजारात ओतून भाव पाडण्याची गरज राहत नाही.

महाशिवरात्र आणि आषाढी हे रताळ्याचे मोठे हंगाम. त्या आठवड्यात गिऱ्हाईक भाव न विचारता घेते. पण ज्याने उचल घेतली आहे त्याला थांबता येत नाही, म्हणून सणाचा वाढीव भाव बहुतेक वेळा त्याच्या हाती पडत नाही. आपण उपासाला आणखी काय खातो? साबुदाणा. तोही एका कंदाचाच, तामिळनाडूतल्या सेलमकडच्या टॅपिओकाचा. तिथले साबुदाणा करणारे छोटे कारखानदारही एके काळी व्यापाऱ्यांच्या उचलीत अडकलेले होते. 1981 मध्ये त्यांनी ‘सॅगोसर्व्ह’ नावाची सहकारी संस्था काढली. संस्था माल गोदामात ठेवून घेते, तारणावर पैसे देते, लिलाव उघड करते. खिचडीचे कित्येक घास आपण या संस्थेच्या पायावर खातो, आणि आपल्या तालुक्यातल्या रताळ्याला मात्र तारणाचे एक गोदाम नाही. सहकाराचा महाराष्ट्र म्हणवून घेणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता गिऱ्हाइकाकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे येतो. आठवडी बाजारात गोणपाटावर बसलेल्या बाईशी आपण कसे बोलतो?

“मावशी, कशी देली रताळी?”

“चाळीस रुपये किलो, भाऊ.”

“पंचवीसले दे ना. दोन किलो घेतो.”

“मले नाही परवडत ना जी.”

मग आपण चार पावले पुढे जातो, ती मागून हाक मारते, आणि तीसला सौदा पटतो. आपल्याला किलोमागे दहा रुपये वाचवल्याचे समाधान होते. त्या बाईने पहाटे कोणाकडून तरी नऊशे रुपये घेतलेले असतात आणि संध्याकाळी त्याचे हजार द्यायचे असतात. किरकोळ भाजीविक्रीत हा व्यवहार कित्येक गावांत, शहरांत चालतो. तिच्यावर बाजार वसुलीच्या ठेकेदाराची चिठ्ठी असते. तिने घासाघीस सोसायची, आणि दुकानातल्या पाकिटबंद चिप्सवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने द्यायची. हे वागणे मला अन्यायाचे वाटते. घासाघीस करायचीच असेल तर ती ठोक बाजारात, हर्रासात, बरोबरीच्या माणसाशी करावी.

तिच्या बाजूनेही कायदा आहे. 2014 चा पथविक्रेता अधिनियम नगरपंचायतींनाही लागू आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायांच्या. 2020 पासून पंतप्रधान स्वनिधी योजनेचे कर्ज विक्रेत्यांसाठी आहे. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. हे कायदे आणि ही योजना आज कागदावर आहेत. त्यांना बाजाराच्या ओट्यापर्यंत आणायला पुढाकार लागतो, आणि मौद्यासारख्या नगरपंचायतीच्या गावात तो पुढाकार घेणे मुळीच अवघड नाही. याच तालुक्यात एनटीपीसीच्या केंद्रात 2,320 मेगावॉट विजेची क्षमता उभी राहिली. जिथे एवढे मोठे काम झाले, तिथे आठवडी बाजाराच्या तोंडाशी प्रमाणित केलेला एक सार्वजनिक काटा आणि रोजच्या भावाचा एक फळा लागू शकत नाही, असे कोणी सांगितले तर मी ते मान्य करणार नाही.

मौद्याला नैतिक सुधारणा नवी नाही. बाबा जुमदेवजींच्या मानवधर्माचा आश्रम इथे आहे. सत्य, मर्यादा, प्रेम ही त्यांची शिकवण घेऊन हजारो गरीब घरांनी दारू सोडली, सट्टा सोडला, अंगात येणाऱ्यांच्या मागे लागणे सोडले. माझी त्या सेवकांना हात जोडून विनंती आहे की हीच शपथ काट्यावरही न्यावी. दारूइतकेच खोटे वजनही घर बुडवते. नागपुरात कॉटन मार्केटच्या भाजीबाजाराला महात्मा फुल्यांचे नाव आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून पुरा करणाऱ्या माणसाचे नाव ज्या बाजाराला आहे, तिथल्या प्रत्येक अडत्याने आपल्या पट्टीतून कडत्याचा रकाना स्वतःहून काढून टाकावा. असे काही अडते निघतील, याची मला खात्री आहे. प्रामाणिक माणसे त्या व्यवसायातही आहेत, आणि त्यांना गिऱ्हाइकांनी आणि शेतकऱ्यांनी शोधून साथ दिली पाहिजे. कट्ट्यामागे किलो-दोन किलो वजनाचा फरक पडतो म्हणून बाजार बंद पडणार नाही. भाव थोडा कमी लागेल कदाचित, पण तो उघड भाव असेल आणि शेजारच्या गाळ्याशी ताडून पाहता येईल.

रताळी, आले, हळद, कांदा, मुळा लावणाऱ्या भावांना आणि बहिणींना मला एवढेच सांगायचे आहे. एकट्याने माल पाठवू नका. गल्लीतली, नात्यातली चार-पाच घरे मिळून एक गाडी करा. गावात एक प्रमाणित इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. बचत गटाच्या एका कर्जात तो सहज येतो. त्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या. कट्टा गाडीत चढण्याआधी वजन लिहा, त्यावर पाठवणाऱ्याची आणि गाडीवाल्याची सही घ्या. माल वरून खालपर्यंत एकसारखा भरा. बाजारात पक्की, शिक्का मारलेली पट्टी मागा आणि गावच्या वजनाशी ताडून पाहा. पुढच्या खेपेला पट्टीवर कडता किंवा अडत कापलेली दिसली, तर पैसे घ्या, पण ‘हिशेब मान्य’ म्हणून सही करू नका, आणि तोच कागद घेऊन त्याच सकाळी पाचही घरांनी मिळून बाजार समितीच्या कार्यालयात जा.